माळशेजच्या माथ्यावरची झोपडी

मला गाडी लागते. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

लहानपणापासून लागते. एस.टी. स्टँडवर नुसता डिझेलचा वास आला तरी पोटात ढवळायला लागतं. आवळासुपारी झाली, आलेपाक झाला, लिंबू हुंगून झालं. कुणी सांगितलं, शर्टाच्या आत पोटाला वर्तमानपत्र बांधा. तेही बांधलं. त्याने एवढंच झालं की नंतर तोंड पुसायला कागद हाताशी असायचा. रेल्वेचा मात्र मला काडीचा त्रास होत नाही. त्यामुळे जिथे रूळ जातात तेवढीच माझी दुनिया. आसनगावला बसायचं, कल्याणला उतरायचं, फार झालं तर दादर. लग्नसुद्धा आटगावच्या मुलीशी केलं. त्यात बाकीची कारणंही होती, पण सासुरवाडी एका स्टेशनावर आहे हे पाहून मी लवकर हो म्हटलं, हे बायकोला आजही पटवून द्यावं लागत नाही. तिला माहीत आहे.

अशा माणसाने भूगोल शिकवू नये. पण मी गेली बारा वर्षं तोच शिकवतो आहे.

शहापूरच्या बाजारात खत-बियाण्यांच्या दुकानावर माझा वर्ग आहे. दोन खोल्या, वर पत्रा. जूनमध्ये खाली युरियाची गाडी आली की वर मुलांचे डोळे चुरचुरतात. वर्ग स्पर्धा परीक्षांचा. तलाठी, पोलीस, वनरक्षक, जिल्हा परिषद, जी जाहिरात निघेल तिची तयारी. मी स्वतः या सगळ्या परीक्षा दिल्या आहेत आणि प्रत्येकीत दोन-चार मार्कांनी राहिलो आहे. इतक्यांदा राहिलो की अभ्यासक्रम पाठ झाला, तेव्हा शिकवायला लागलो. प्राकृतिक भूगोल हा माझा हातखंडा विषय. ज्वालामुखी, हिमनदी, वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्या, समुद्राच्या भरती-ओहोटी, सगळं मी असं सांगतो की मुलांना वाटावं, सर कालच तिकडून आले.

त्यात एक धडा जलविभाजकाचा. पाऊस डोंगराच्या कण्यावर पडला की अर्धा या बाजूच्या नदीला जातो, अर्धा त्या बाजूच्या. ज्या रेषेवर तो वाटला जातो तो जलविभाजक. आपल्याकडे सह्याद्री. अलीकडचं पाणी काळू नदीतून उल्हासला आणि अरबी समुद्राला. पलीकडचं कुकडी, घोड, भीमा, कृष्णा करत थेट बंगालच्या उपसागराला. पुस्तकात हे दोन ओळींत आहे आणि मुलं दोन दिवसांत विसरतात.

म्हणून पहिल्या वर्षी मी म्हणालो, "असं समजा, माळशेज घाटाच्या माथ्यावर एक झोपडी आहे. तिच्या एका पाख्यावरचं पाणी अरबी समुद्राला जातं, दुसऱ्या पाख्यावरचं बंगालच्या उपसागराला." मुलांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. परीक्षेत तो प्रश्न कुणाचाही चुकला नाही.

दुसऱ्या वर्षी 'असं समजा' हे शब्द गळले. तिसऱ्या वर्षी झोपडीत एक म्हातारी राहायला आली. चौथ्या वर्षी ती चहा करायला लागली आणि तो मी प्यायलो. त्यानंतर कधीतरी म्हातारीने मला विचारलं, "मास्तर, चहाला पाणी कुठलं घालू, अलीकडच्या पन्हळीचं का पलीकडच्या?" इथे वर्ग हमखास हसायचा. मीही हसायचो. इतकी वर्षं सांगून मला ती म्हातारी दिसायला लागली होती. तिच्या चुलीवरचं पातेलं एका बाजूने चेपलेलं होतं.

मी माळशेज घाटात कधीही गेलो नव्हतो. पायथ्यापर्यंतही नाही.

या वर्षीच्या बॅचमध्ये शेणव्याच्या एक ताई आल्या. चौतिशीच्या असतील. नवरा आसनगावहून रोज कामाला कल्याणला जातो, घरी भातशेती, एक मुलगी चौथीत. सकाळी घरचं उरकून अकराच्या वर्गाला यायच्या आणि पहिल्या बाकावर बसायच्या. त्यांना पाठांतर जमायचं नाही. "मला डोळ्यांनी बघितल्याबिगर डोक्यात जात नाय, सर," म्हणायच्या. पण एकदा समजलं की शेवटच्या बाकावरच्यांना त्या मधल्या सुट्टीत माझ्यापेक्षा बरं समजावून सांगत.

जलविभाजक शिकवला त्या दिवशी बाकीचे हसले. ताई हसल्या नाहीत. त्यांनी वहीत झोपडी काढली, दोन पाखे काढले, आणि मग हात वर केला.

"सर, ती झोपडी घाट चढून गेल्यावर डाव्या अंगाला की उजव्या?"

"का हो?"

"माझं माहेर टोकावड्याच्या पुढे. लहानपणापासून बापासंगती त्या घाटातून जुन्नरच्या बाजाराला जायचो आमी. मला नाय दिसली कधी."

त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. खरंच विचारत होत्या. त्यामुळे जास्त घाम फुटला.

"रस्ता रुंद केला ना मध्ये," मी म्हणालो, "त्यात गेली असेल."

"अरेरे," ताई म्हणाल्या. "आणि म्हातारी?"

"तिचं काही कळलं नाही."

एवढ्यावर मिटलं असतं. पण मागे एक जीपवाला बसतो. आसनगाव स्टेशन ते शहापूर सीट भरतो आणि दुपारच्या टाइमाला गिऱ्हाईक नसलं की वर्गात येतो. वनरक्षकाची तयारी करतोय. तो म्हणाला, "सर, झोपडी गेली तर गेली, जागा तर आहे ना? येत्या रविवारी जाऊ. गाडी आपली. डिझेल सगळे मिळून टाकू."

वर्गाने लगेच माना हलवल्या. मी म्हणालो रविवारी मला काम आहे. तो म्हणाला, मग पुढच्या रविवारी. मी म्हणालो पाऊस असतो. तो म्हणाला, आठ दिवस झाले सर, पावसाने तोंड दाखवलं नाय, नवरात्र आलं. मग मी गप्प बसलो. मास्तर गप्प बसला की मुलं होकार धरतात.

घरी बायकोला सांगितलं. तिने कपाटातून प्लास्टिकच्या पिशव्या काढून मोजल्या आणि म्हणाली, "जाऊन-येऊन बारा पुरतील का?"

रविवारी सकाळी सात वाजता सातजण निघालो. मला पुढची सीट दिली. शेणव्याला ताई चढल्या, हातात भाकरी-चटणीचं गाठोडं. माझ्या शर्टाच्या आत वर्तमानपत्र होतं, खिशात आवळासुपारी होती, आणि मी समोरच्या काचेवर नजर लावून श्वास मोजत होतो. किन्हवलीपर्यंत तग धरला. किन्हवलीच्या पुढे एक वळण आलं आणि मला कळलं की आता नाही.

विद्यार्थ्यांसमोर पिशवीत तोंड घालणं मला जमणार नव्हतं. मी म्हणालो, "थांबवा. इथे बघण्यासारखं आहे."

जीप थांबली. "तुम्ही निरीक्षण करा, मी आलो," असं म्हणून मी सागाच्या झाडांमागे गेलो. परत आलो तेव्हा सहाजण वह्या काढून रस्त्याकडेच्या दरडीकडे बघत उभे होते. तिथे काय आहे हे मलाही त्यांच्याबरोबरच पाहायचं होतं. पाहिलं. वर लाल-तपकिरी मुरूम, खाली काळा कातळ, आणि मध्ये गोल गोल धोंडे. एका धोंड्याचे पापुद्रे सुटले होते, कांद्यासारखे. मी बोट लावलं तर पापुद्रा हातात आला.

"हे बघा," मी म्हणालो. आवाज बसलेला होता, त्यामुळे हळू बोललो आणि सगळे जवळ आले. "याला आपण विदारण म्हणतो. ऊन, पाणी, ऊन, पाणी. कातळ असा सोलत जातो, त्याचा मुरूम होतो, मुरमाची माती. तुमची भातशेती या पापुद्र्यांवर आहे."

मी बारा वर्षं विदारणाची व्याख्या लिहून देत होतो. पापुद्रा हातात पहिल्यांदाच धरला होता. ताईंनी तो माझ्याकडून मागून घेतला आणि पदराच्या टोकाला बांधला.

सरळगावच्या अलीकडे नदीच्या पुलावर पुन्हा म्हणालो, "थांबवा." तिथे नदीला वळण होतं. पुलाच्या कठड्याआड माझं काम उरकून येईपर्यंत जीपवाल्याने स्वतःच शोधून काढलं होतं की वळणाच्या बाहेरच्या काठाला नदी खाते आणि आतल्या काठाला वाळू टाकते. "बरोबर ना सर?" बरोबर होतं. टोकावड्याला थांबलो तेव्हा समोर सह्याद्रीची भिंत आडवी उभी होती आणि तिच्यात थरांवर थर दिसत होते, एकावर एक घड्या घातलेल्या गोधड्यांसारखे. लाव्हा एकदा नाही, पुन्हा पुन्हा वाहिला, हे तिथे सांगावंच लागलं नाही.

घाट सुरू झाल्यावर मात्र बघण्यासारख्या जागा फार जवळजवळ यायला लागल्या. दर दुसऱ्या वळणाला. पाचव्या थांब्याला समोर नुसता सिमेंटचा कठडा होता आणि त्यावर कुणीतरी बाण मारलेला बदाम रंगवला होता. सगळे वह्या उघडून वाट बघत होते. ताईंनी पाण्याची बाटली पुढे केली आणि बाकीच्यांना म्हणाल्या, "इथलं सर परत येताना सांगतील." मग माझ्या कानाशी, "सर, मला पण पहिल्या वेळेस लय लागली होती. डोळं मिटा आणि मान मागं टाका." त्यांना पहिल्या थांब्यापासून कळलं होतं.

बोगदा पार करून माथ्यावर आलो. गार वारा होता. मी पाय जमिनीवर टेकले आणि दोन मिनिटं जीपला धरून उभा राहिलो. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"कुठे होती सर?"

मी आजूबाजूला पाहिलं. रस्ता थोडा सपाट झाला होता. एका कडेला ताडपत्रीची चहा-भज्यांची टपरी. तिच्या पलीकडे थोडी मोकळी जागा. मी त्या जागेकडे हात केला. "साधारण इथे."

जीपवाल्याने दोन लिटरची पाण्याची बाटली आणली. "बघू या," म्हणाला. "अर्धं तिकडे, अर्धं इकडे गेलं पाहिजे." त्याने बाटली उपडी केली. सहाजण खाली वाकून बघत होते. पाणी क्षणभर थबकलं, आणि मग सगळंच्या सगळं आम्ही आलो होतो तिकडे, मुरबाडकडे निघालं. एक थेंबही जुन्नरकडे गेला नाही.

"थोडं पुढे असेल," मी म्हणालो.

दहा पावलं पुढे जाऊन दुसरी बाटली ओतली. ती एका चपलेखालून जाऊन खड्ड्यात साचली. तिसऱ्या वेळेला मुलांनी पावलं मोजली, एकाने वहीत आकडे लिहिले, एकाने मोबाइलवर फोटो काढले. तेवढ्यात मागे खडखडाट झाला. टपरीवाला घाईघाईने बरण्या खोक्यात भरत होता. ताडपत्रीची एक दोरी त्याने सोडलीही होती.

"काय झालं हो?" मी विचारलं.

"काढतोय साहेब. नोटीस दिली असती तर आधीच काढली असती."

"कसली नोटीस?"

"माप घेताय ना तुम्ही?"

त्याला समजावायला दहा मिनिटं लागली. आम्ही सरकारी नाही, आमच्यातला एकही अजून सरकारी झालेला नाही, त्याचसाठी हे चाललं आहे, असं जीपवाल्याने सांगितलं तेव्हा त्याचा विश्वास बसला. सात चहा घेतले. पाणी ओतून आम्ही काय शोधत होतो हे ऐकल्यावर तो म्हणाला, "मग हितं कशाला? हितलं सगळं खालीच जातं. पाणी कुठं फाटतं ते बघायचं असंल तर पुढं दोघा भावांच्या वावरात जा. रोज भांडत्यात."

पुढे एक सपाटी होती. हिरवंगार भात, निसवायला आलेलं, आणि मागे डोंगर. मी मनात जलविभाजकाची जी रेषा धरली होती ती धारदार होती, सुरीच्या पात्यासारखी. इथे धार कुठेच नव्हती. गुडघाभर उंचीचे बांध आणि त्यांवर बसलेले बगळे. या जागेवरून गेलो असतो तर मान वळवून पाहिलंही नसतं.

बांधावर दोघे भाऊ होते. थोरला साठीचा, हातात फावडं. धाकटा त्याच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान, त्याच्याही हातात फावडं. थोरल्याची बायको बांधावर बसून गवत कापत होती. दोघांच्या मध्ये एक मोठं खाचर, त्यात डोंगराच्या पायथ्याच्या झऱ्याचं पाणी येत होतं. खाचराला दोन तोंडं. एक थोरल्याच्या शेताकडे उघडणारं, एक धाकट्याच्या.

ताईंनी नमस्कार केला आणि विचारलं, "दादा, तुमच्या वावरातलं पाणी फुडं कुठं जातं?"

"माझं?" थोरला म्हणाला. "त्या वढ्याला. वढा कड्यावरनं खाली पडतो. तुमच्याकडंच की."

"आणि यांचं?"

"त्याचं धरणाला. पिंपळगावच्या."

जीपवाल्याने एकदा या तोंडाकडे पाहिलं, एकदा त्या. मग धाकट्याला म्हणाला, "काका, एकदा ते बंद करून तुमचं उघडाल का?"

थोरल्याने आपल्या शेताकडच्या तोंडावर हाताने चिखलाचा गोळा दाबला, पण कपाळाला आठी घालूनच. धाकट्याने फावड्याचा एक घाव घातला. पाणी वळलं. माझ्या डोळ्यांसमोर, एका फावड्यात, अरबी समुद्राला निघालेलं पाणी बंगालच्या उपसागराला निघालं.

मी तसं बोललो. राहवलं नाही. काळू, उल्हास, वसईची खाडी, सगळं सांगितलं. मग कुकडी, घोड, भीमा, कृष्णा, पार आंध्रातला किनारा. इतकं चांगलं मी वर्गात कधी बोललो नव्हतो. मुलं ऐकत होती, दोघे भाऊ फावडी टेकून ऐकत होते.

माझं संपल्यावर थोरला धाकट्याला म्हणाला, "ऐकलंस? तुझं पाणी आंध्रात जातंय. एवढ्या लांब पाठवायला तुला पाणी पायजे होय?" आणि त्याने वाकून धाकट्याचं तोंड बुजवलं.

"आन् तुझं कुठं राहतंय घरात?" धाकट्याने ते पुन्हा उघडलं. "तुझं तर कड्यावरनं उडी मारतंय."

"माझं आपल्या ममईला जातं. पोरगं हाय माझं तिथं."

"त्ये काय काळूचं पाणी पितंय का खाडीचं?"

भांडण रोजचंच असेल, पण आज त्यात दोन समुद्रांची भर पडली होती आणि ती मी घातली होती. फावडी वर-खाली व्हायला लागली. तोंड उघड, तोंड बंद. ताई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "सर, सगळे समुद्र एकमेकाला जोडलेले असतात, तुमीच शिकवलं ना?"

"असतात."

"मग सांगा ना यांना."

मी सांगितलं. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर दोन्ही हिंदी महासागराचेच भाग, शेवटी पाणी एकच. दोघे भाऊ थांबले. क्षणभर मला वाटलं, जमलं.

थोरल्याची बायको विळा बाजूला ठेवून म्हणाली, "मास्तर, भांडाण समुद्राचं न्हाय. बांधाचं हाय."

भावांनी शेवटी जे रोज करत असतील तेच केलं, दोन्ही तोंडं अर्धी-अर्धी उघडी ठेवली आणि एकमेकांकडे पाठ करून बसले. ताई थोरल्याच्या बायकोच्या शेजारी बांधावर टेकल्या. भाकरीचं गाठोडं सोडलं, त्यांना अर्धी दिली. आणि सहज विचारलं, "वहिनी, इथं माथ्यावर एक म्हातारी होती ना? झोपडीत चहा करायची. रस्त्यात गेली तिची झोपडी."

"हितं? न्हाय बा."

"होती म्हणतात."

"मी लगीन होऊन आल्यापास्नं हितं हाय. माझ्या सासूपास्नं सांगते, एक बी म्हातारी चहा करत नव्हती. चहा व्हता कुठं तेव्हा?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. आता पुन्हा रस्ता रुंद करता आला असता. म्हातारी पलीकडच्या वाडीतली होती असं म्हणता आलं असतं. पण पोट रिकामं होतं, पाय चिखलात होते, आणि समोर खरी जागा होती.

"झोपडी नव्हती," मी म्हणालो. "मी आज पहिल्यांदा आलो इथे."

मला वाटलं, आता वर्ग संपला. पण जीपवाला भाकरी चावत म्हणाला, "माहीत आहे सर."

"माहीत आहे?"

"माझा भाऊ तुमच्या मागल्या बॅचला होता. त्या वर्षी तुम्ही म्हातारीला मारलेलं. तिच्या सुनेने चहा दिला होता. आमच्या बॅचला ती परत जिवंत झाली."

बाकीचे खाली बघून हसत होते. सगळ्यांना माहीत होतं. मागच्या बॅचा पुढच्या बॅचांना सांगत होत्या, आणि नवी मुलं या वर्षी झोपडीला कौलं आहेत की गवत यावर आपसांत चहाची पैज लावत होती. मी इतका हलका झालो की मीही हसलो.

ताई हसल्या नाहीत.

"मला नव्हतं माहीत," त्या म्हणाल्या. "मी खरंच बघायला आले होते."

"चुकलं माझं, ताई."

"माझं काय नाय सर. मी माझ्या मुलीला सांगितली ती झोपडी. तिने शाळेत निबंध लिहिला, मी पाहिलेले ठिकाण. बाईंनी वर्गात वाचून दाखवला."

आता कुणीच हसलं नाही. ताईंनी गाठोडं बांधलं. रागावून नाही, नेहमीसारखं नीट, चार टोकं जुळवून. "तिला तुमीच सांगा," म्हणाल्या. "मी नाय सांगणार."

परतीच्या वाटेवर मी एकदाही 'इथे बघण्यासारखं आहे' म्हणालो नाही. "थांबवा, उलटी होतेय," असंच म्हणालो, आणि ते फार सोपं निघालं.

शेणव्याला उतरलो. ताईंची मुलगी ओटीवर बसून पाटीवर बेरजा करत होती. मी तिच्यासमोर पायरीवर बसलो आणि सांगितलं की सरांनी ती झोपडी बनवून सांगितली होती, तशी झोपडी नाही. तिने ऐकून घेतलं.

"म्हणजे खोटं?"

"हो."

"मग मला पण खोट्याचे मार्क मिळाले?"

"खोटं तुझं नाही, माझं. तू बाईंना सांग, माझी चूक होती."

तिने बराच विचार केला. मग म्हणाली, "तुमीच लिहून द्या. सही करून." तिने वहीचं पान फाडून दिलं. मी लिहिलं की निबंधातील झोपडीबाबतचा मजकूर माझ्या चुकीच्या माहितीवर आधारलेला आहे, आणि खाली सही केली. तिने वाचलं आणि तारीख राहिली हे दाखवलं. तीही टाकली. ताई दारात उभ्या होत्या. त्यांनी चहा आणून ठेवला, पण त्या दिवशी माझ्याशी बोलल्या नाहीत.

सोमवारी ताई वर्गाला येतील की नाही याची मला खात्री नव्हती. अकरा वाजता पहिला बाक रिकामा होता. सव्वाअकराला त्या आल्या, गाडी चुकली म्हणाल्या, आणि वही उघडली. वहीत झोपडीवर फुली मारून खाली दोघा भावांचं खाचर काढलं होतं, दोन तोंडांसकट. मधल्या सुट्टीत त्यांनी ते शेवटच्या बाकांना समजावलं.

पुढच्या भरतीत ताई तलाठी झाल्या. पेपरात जलविभाजकावर एकही प्रश्न नव्हता. विदारणावर एक होता. पेढे घेऊन आल्या तेव्हा मी विचारलं, नेमणूक कुठे मिळाली, तर मुरबाडच्या आतल्या एका सजात, तीन-चार गावं मिळून एक तलाठी, दोन गाड्या बदलून जावं लागतं. "पहिल्याच आठवड्यात बांधाचं भांडण आलं, सर," त्या म्हणाल्या. "मी समुद्राचं काय बोलले नाय."

माझा वर्ग चालू आहे. मुलं कमी झाली नाहीत, उलट दोन वाढली. पण आता एक नवीनच त्रास सुरू झाला आहे. कुठलाही धडा उघडला की मागून आवाज येतो, "सर, तुम्ही पाहिलंय?" हिमनदी? नाही. वाळवंट? नाही. प्रवाळ बेट? नाही. मी प्रत्येक वेळी खरं सांगतो आणि पुढे शिकवायला लागतो. परवा भरती-ओहोटीचा धडा होता. दादरच्या चौपाटीवर एकदा गेलो होतो, पण पाणी येत होतं की जात होतं ते लक्षात नाही, असं म्हणालो. वर्गात कुजबुज झाली. जीपवाला अजून वनरक्षक व्हायचा आहे. तो म्हणाला, "सर, दादरला रेल्वे जाते ना? तुमची अडचण नाय." येत्या रविवारी सकाळी सातच्या गाडीने आसनगावहून नऊजण निघणार आहेत. भरतीची वेळ त्यांनी मोबाइलवर बघून ठेवली आहे, आणि ओहोटी होईपर्यंत सहा तास मी तिथेच बसायचं असं त्यांनी परस्पर ठरवलं आहे.